लाल ताऱ्याचे दोन रकाने

अण्णा, तुमच्या वह्या मागायला गेल्या आठवड्यात एका बाईंचा फोन आला. हौशी आकाशनिरीक्षकांचा एक गट आहे, त्यातल्या त्या. तेज बदलणाऱ्या ताऱ्यांच्या जुन्या नोंदी ते संगणकात भरून घेत आहेत. मी वह्या काढल्या, धूळ पुसली, आणि देण्याआधी हे लिहायला बसले.

आष्टीच्या घराची गच्ची. फेब्रुवारी, संध्याकाळचे साडेसात. खाली आई भाकरी थापते आहे, तो आवाज वर येतो. मी तेरा वर्षांची. मृगाच्या पायाखाली शशक हा तारकासमूह, आणि त्याच्या कडेला तो तारा, दुर्बिणीतून जेमतेम दिसणारा. तुम्ही शाळेतले लिपिक. बोलताही हळू, नोंद केल्यासारखे. या ताऱ्याच्या वातावरणात कार्बन फार, तुम्ही सांगता. त्याची काजळी धरते, ती निळा उजेड खाते आणि लाल तेवढा उरतो. तारा फुगतो, आकसतो, त्याबरोबर उजळतो आणि मंदावतो; मंदावला की आणखी लाल होतो. एका फेऱ्याला साधारण चौदा महिने. शेजारच्या ताऱ्यांच्या तेजाचे आकडे नकाशात छापलेले असत, त्यांच्याशी ताडून याचा आकडा ठरवायचा. आकडा मोठा तर तारा मंद. वहीत दोन रकाने, एक तुमचा, एक माझा. आधी लिहायचं, मगच दुसऱ्याचं बघायचं. तिसरा रकाना शेऱ्याचा. त्यासाठी तुम्ही मला रोज विचारायचात, आज रंग कसा आहे. मी म्हणायची, डाळिंबाच्या दाण्यासारखा. विझत आलेल्या निखाऱ्यासारखा. तुम्ही माझे शब्द जसेच्या तसे उतरवून घ्यायचात.

पहिल्या हिवाळ्यात माझा आकडा तुमच्यापेक्षा सतत लहान येत होता, अर्ध्या अंकाने, कधी त्याहून जास्त. मला तारा तुमच्यापेक्षा ठळक दिसत होता. लाल तारा टक लावून पाहिला की डोळ्यात उजेड साचतो आणि तो उगाच ठळक वाटतो, हे तुम्ही समजावलंत. जल्दी बघायचं अन् नजर काढायची. मी तसंच केलं. तरी आकडा लहानच. एके दिवशी तुम्ही वही मिटलीत. "तू बराबर बघतच न्हाईस. मंग वर येतीस कशाला?" आवाज चढलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी तुमच्या मागे उभी राहिले. बॅटरीला लाल कागद लावलेला होता, त्या उजेडात तुम्हाला धड दिसत नसे, म्हणून वही तुम्ही तोंडाजवळ धरायचात. मी तुमचा आकडा वाचला आणि माझ्या रकान्यात तोच लिहिला. कधी एका दशांशाचा फरक ठेवायची, संशय येऊ नये म्हणून. असे सहा हिवाळे.

तुम्ही खूश होतात. जेवताना आईला म्हणालात, "पोरीचा अन् माझा आकडा जुळून राह्यला. म्हंजे माझ्या डोळ्यात खोट न्हाई."

"मंग टमाटे हिरवे का आणता, ते सांगा आधी," आई म्हणाली. आपण तिघेही हसलो.

तुम्ही गेल्यावर वर्षभराने आईने सांगितलं. लग्नाआधी तुम्ही रेल्वेत लागणार होतात. तपासणीत डॉक्टरने रंगीत ठिपक्यांचं पुस्तक पुढे केलं, त्यातले आकडे तुम्हाला दिसले नाहीत. घरी येऊन आजोबांना सांगितलंत, जागा भरून गेल्त्या. अशा डोळ्यांना लाल रंग मंद दिसतो, हे मी नंतर वाचलं. म्हणजे तो अर्धा आकडा कुणाचीच चूक नव्हती. तेवढं अंतर तुमच्या आणि माझ्या डोळ्यांत होतंच. तुम्ही शेजारी दुसरे डोळे घेऊन बसला होतात, आणि मी त्या डोळ्यांनी पाहणं सोडून तुमचेच आकडे तुम्हाला परत देत होते.

त्या बाईंना मी सांगितलं, पहिल्या हिवाळ्यात आकडे जुळायला लागले तिथपासून दुसरा रकाना सोडून द्या, तो निरीक्षक विश्वासाचा नाही. शेरे घ्या, ते खरे आहेत. तुमच्याबद्दलही सांगितलं. त्या म्हणाल्या, तशी टीप जोडली तर वडिलांच्या नोंदी पूर्ण उपयोगाच्या आहेत. त्यांचा डोळा शेवटपर्यंत एकसारखा चाललाय. आज सकाळी मी ती टीप लिहिली. निरीक्षकास लाल रंग मंद दिसत असे. एवढंच वाक्य, पण चार कागद फाडले.

तुम्ही असतात तर हे सगळं तोंडावर सांगितलं असतं, असं इथे लिहिणार होते. नसतं सांगितलं, अण्णा. त्या जेवणानंतर तर नाहीच.