मासेमार कोणाले म्हणाचं

एकोडी
ता. ८ डिसेंबर २०२४

चि. प्रेरणा,
आजीचा तुले पोटभर आशीर्वाद. पुण्यात थंडी असंन, कान बांधून कामाले जात जा. इकडे बरं हाय. तुह्या भावानं, भूपेशनं नवी टोपी घेतली, जेवतानीबी काढत नाही. फोनवरच बोलली असती, पण तो स्पीकर लावून देते, आन् भिंतीपलीकडे शेजारची कलाबाई असते.

पयले खुशीचं सांगतो. दिवाळीत आपल्या मच्छीमार संस्थेच्या कम्प्युटरात तू जे करून गेली, ते चालून राहिलं. सचिव चंद्रकुमार म्हणते, आता बटन दाबलं का यादी बाहेर. मी साऱ्यायले सांगून राहिली, माह्या नातीचं काम व्हय. संस्थेतल्या गोमाजीनं विचारलं, कसं केलं? सांगाले बसली आन् अर्ध्यातच अडकली.

तूनं सांगतलं ते असं ना? पयले दर यादीले सारं नवीन लिवा लागे. माहितीचा कोठा उघडा, एकेक नाव पाहा, कोठा लावा. ते तूनं एकदाच लिवून ठेवलं. कोणाचं नाव घ्याचं, ती अट तेवढी येगळी हातात द्याची. त्या अटीच्या जागेले फंक्शनल का काय ते इंटरफेस म्हणते, आन् त्याले एकच काम असते. मी म्हटलं, तुह्या आज्यालेबी एकच काम ये, बसून राहाचं. तू लय हासली. मंग मीच म्हटलं, डोंगा तोच, जाळं तेच, काठावर निवडणारी बदलली का टोपल्यातली मासोळी बदलते. तू म्हटली, आजी, बराबर.

मंग तूनं विचारलं, तलावाच्या ओळखपत्रासाठी मासेमार कोणाले म्हणाचं. मी म्हटलं, डोंग्यावर जाते तो.

चार दिसामांगं संस्थेत ओळखपत्राची यादी वाचली. बायांत माहं एकलीचं नाव, काहून का मी तुह्या आज्यासंगं डोंग्यावर जाओ. चवदा बाया कटल्या. कार्ड नाही त तलावाच्या मासोळीले हात लावता येत नाही. मले समजत नाही पोरी, त्या मशीनले एकदाबी कसं नाही वाटलं का ही म्हातारी कलाबाईसंगं भांडून बसली हाय?

भांडण झिंग्याचं. बजारात गिऱ्हाइकासमोर कलाबाई म्हणाली, रेवताच्या झिंग्यात रेती हाय. होतीबी थोडी. तू विचारत होती तवा तेच माह्या डोक्यात होतं. बाकीच्या तेरा ध्यानातच नाही आल्या.

यादी आयकून कलाबाई भांडली नाही. एवढंच म्हणाली, "रेवते, चाळीस वर्सं मासे निवडले कोणं मंग?"

लोक म्हणाले, पुण्याच्या पोरीले इथचं काय समजते. आन् मी चूप राहिली. हेच लिवाले चार दिस लागले.

महिन्याच्या आखरीले यादी साकोलीच्या हापिसात जाते. बाकीचं तसंच राहू दे, अट तेवढी बदल. डोंग्यावर जाते तो, आन् काठावर मासे निवडते, वाळवते, विकते तीबी. एका अटीत एवढं मावते का, मले ठाव नाही. तू पाह्य. कलाबाईच्या घरी मी आज सांजच्याले जातो. तुह्या नावाचा बोल मी माह्या आंगावर घेतो.

अट सांगणारी,
तुही आजी
रेवताबाई