चाळीस पाहुण्यांची चाचणी

सिहोरा, ता. तुमसर
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

ती. राखीताईंना,
धाकट्या भावजयीचा, कामिनीचा, वाकून नमस्कार.

दिवाळीच्या आधीपासून तुम्हाला पत्र लिहायचं चाललं आहे. रोज डायरीत ‘राखीताईंचं पत्र राहिलं’ एवढं लिहिते आणि काहीतरी लिहिल्याच्या समाधानात वही मिटते. तुम्हाला एकही पत्र गेलं नाही, पण माझ्या डायरीत सर्वांत जास्त उल्लेख तुमचाच आहे. ही सबब म्हणून सांगत नाही. (सबब म्हणूनच सांगते आहे. माफ करा.) तुमच्या सासूबाईंचा गुडघा आता कसा आहे? भाऊजींचं पथ्य सुरू झालं, की अजून त्यावर नुसती चर्चाच आहे? तुमचा फोन तांदूळ धुताना पातेल्यात पडला आणि मग तुम्ही तो वाळायला तांदळाच्याच डब्यात ठेवला, हे तुमच्या शेजारणीच्या फोनवरून मामाजींना, म्हणजे तुमच्या बाबांना, कळलं. तुमचा भाऊ तांदळाच्या गिरणीतला माणूस, त्याने एवढंच विचारलं, “तांदूळ जुना होता का नवा?” फोन रायपूरला दुरुस्तीला गेला आहे असं ऐकते. तो लवकर बरा होवो, असं खरं तर इथेच लिहायला हवं, पण ते मी शेवटापर्यंत राखून ठेवते.

इकडे सर्व क्षेम आहे. धान कापून झालं, मंडईची जत्रा पार पडली, सासूबाईंचा खोकला गेला. मंडईत काय झालं ते तुमच्या कानावर चार तोंडांनी येईलच. माझ्या तोंडानेही यावं म्हणून लिहिते.

मी घरी बसून कोणतं काम करते हे तुम्ही दोनदा विचारलंत आणि मी दोन्ही वेळा ‘कॉम्प्युटरचं’ म्हणून सुटका करून घेतली. आज नीट सांगते. आमची कंपनी एक सॉफ्टवेअर बनवते. दोन ठिकाणी एकच फोल्डर ठेवायचं. एकीकडे फाइल बदलली की दुसरीकडेही ती आपोआप बदलते. त्याला सिंक म्हणतात. ते बरोबर चालतं की नाही हे बघणं माझं काम. त्यासाठी काळ्या पडद्यावर एकाखाली एक हुकूम लिहावे लागतात. तेच तेच हुकूम रोज कोण लिहिणार, म्हणून त्यांची लहान लहान गाठोडी बांधून प्रत्येकाला नाव द्यायचं. नाव घेतलं की आतले सगळे हुकूम चालतात. माझी गाठोडी पाच आहेत. ‘मांड’ दोन फोल्डर मांडतं, ‘खोडी’ दोन्हीकडच्या एकाच फाइलमध्ये वेगवेगळा मजकूर भरतं, ‘जुळव’ सिंक चालवतं, ‘बघ’ दोन्ही बाजू सारख्या झाल्या का ते पाहतं आणि ‘आवर’ सगळं पुसून टाकतं. बाकीचे लोक या दोन फोल्डरांना अ आणि ब म्हणतात. मी माहेर आणि सासर म्हणते. दोन्हीकडे सारखं राहिलं पाहिजे, एकीकडचं दुसरीकडे कळलं पाहिजे आणि भांडण लागलं तर कुणाचंही काही हरवता कामा नये, या अपेक्षांना दुसरी नावं मला सुचली नाहीत.

आता अपघात. आमच्या घरचे फोटोही याच सॉफ्टवेअरवर आहेत हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या भावाने फार विचार करून त्यातही माहेर आणि सासर असे दोन भाग केले होते. माहेरमधलं कोंढ्याला माझ्या धाकट्या भावाच्या, भुपेंद्रच्या, फोनवर जातं; सासरमधलं इथे मामाजींच्या. (तुम्हाला दोन्ही दिले आहेत, कारण तुम्ही दोन्ही मागितले होते.) मंडईच्या आधीच्या आठवड्यात एकदा वीज गेली आणि कॉम्प्युटर बंद पडला. परत सुरू झाल्यावर मी सासूबाईंना भाऊबीजेचे फोटो दाखवले आणि कामाला लागले. माझ्या चाचणीची जागा तात्पुरत्या खात्यात असते. कॉम्प्युटर बंद पडला की ती पुसली जाते. ‘मांड’चा पहिला हुकूम होता, चाचणीच्या जागेत जा. जागाच नव्हती, त्यामुळे तो गेला नाही, आणि न गेल्याचं सांगून तो पुढच्या हुकुमावर आला. ते सांगणं मी वाचलं नाही. पुढचा हुकूम होता, माहेर आणि सासर बनव, आधीच असतील तर गप्प राहा. मी उभी होते घरच्या फोटोंमध्ये. तिथे दोन्ही आधीच होते. तो गप्प राहिला. मग ‘खोडी’ने आपलं काम मन लावून केलं.

खोडीतला मजकूर माझाच. लोक अशा जागी एबीसी लिहितात. मला ते अप्रामाणिक वाटतं, चाचणीतही खऱ्यासारखं काही असावं असं वाटतं. म्हणून मी ‘मंडई’ नावाची फाइल केली होती. माहेरच्या बाजूला लिहिलं होतं, ‘यंदा आमच्याकडे मंडई नाही. येण्याची तसदी घेऊ नये. कामिनी.’ आणि सासरच्या बाजूला, ‘कोंढ्याहून चाळीस माणसं येणार. जेवण करून ठेवणे. कामिनी.’ दोन मजकूर एकमेकांच्या अगदी उलट हवेत, हा चाचणीचा नियमच आहे. त्या दोन्ही फाइली ज्याच्या त्याच्या फोनवर क्षणात पोचल्या. आमचं सॉफ्टवेअर उत्तम आहे, ताई.

घरचे हे दोन भाग एकमेकांशी जोडलेलेच नव्हते, त्यामुळे माझ्याकडे मात्र ‘बघ’ने दोन्ही बाजू वेगळ्या आहेत असं कळवलं. चाचणी नापास झाली की ‘आवर’ चालत नाही, पुरावा राहावा म्हणून. हे मीच ठरवलं होतं, आणि त्यानेच वाचवलं. नाहीतर तुमच्या लग्नापासूनचे सगळे फोटो आवरले गेले असते. मी दुपारभर सॉफ्टवेअरमधला दोष शोधला आणि सापडला नाही तरी वरिष्ठांना कळवून मोकळी झाले. नंतर त्या निर्दोष सॉफ्टवेअरची लेखी माफी मागितली. वरिष्ठ म्हणाले, माफी थोडी लहान करा.

इकडे काय झालं ते ऐका. भुपेंद्र तीन वर्षं आपल्या मंडईला आला नव्हता. त्या वेळी तुमच्या भावाने आवतन फोनवर चित्र पाठवून दिलं होतं, आणि कोंढ्यात आवतन तोंडानेच द्यावं लागतं. चित्र पाठवणं म्हणजे दारावरून ओरडून जाणं. भाऊबीजेला मी जायची, तो ओवाळून घ्यायचा, पण सिहोऱ्याचा विषय निघाला की गाईला चारा टाकायला उठायचा. गोठ्यातली गाय त्यामुळे फार सुखात होती. माझ्या मनाला ते लागून होतं. तशात हे. त्याने ती ओळ वाचली आणि आपल्या बायकोला म्हणाला, “पाह्य व. आवतन तं येतच नोतं, आता येऊ नोका म्हनाचं आवतन आलं!”

आणि त्याच वेळी मामाजी चष्मा लावून स्वयंपाकघरात आले. “चालीस मानसं येऊन रायले कोंढ्यावरून,” असं त्यांनी जाहीर केलं. सासूबाई वैतागतील असं कुणालाही वाटलं असतं. त्यांनी बरबटीचा डबा खाली काढला आणि मला म्हणाल्या, “सुनबाई, तुयं माहेर येऊन रायलं आन् तू त्या डब्यात मुंडकं घालून बसली? वड्याले किती भिजू घालू, ते सांग!” मी कोणतं माहेर म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, “किती हायेत तुले?”

मला उलगडा होईपर्यंत मामाजींनी कोंढ्याला फोन लावला होता. त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता. “काहो भुपेंद्रबाबू, चालीस म्हंजे लेकरं धरून का लेकरं सोडून?” मग भुपेंद्र म्हणाला, “बाबूजी, इकडं येऊ नोका म्हनता आन् तिकडं पानं मोजून रायले?” मामाजी म्हणाले, “आमच्याकडं तं चालीसच लिवून हाय, बाबू. कामिनीनंच लिवलं. कमी आनसान तं वडे कोन खाईन?” मी दारात उभी राहून हात हलवत होते. मामाजींनी मलाही हात हलवला.

ताई, तो आला. एकटा नाही, कोंढ्याच्या दंडारीचं अख्खं मंडळ मेटॅडोरमध्ये घालून आला. ढोलकीवाले, नाचे, पेटीवाले केवळराम, सगळे. चाळीस लिहिले होते, कमी आणले तर बहिणीचा शब्द पडेल म्हणून वाट वाकडी करून पवनीला बायकोच्या भावाच्या दोन मित्रांनाही उचललं होतं. भर मंडईत त्यांनी दंडारीचा खेळ केला. भुपेंद्र राजा झाला होता आणि भाषणाच्या मध्येच त्याने सिंहासनावरून सासूबाईंच्या वड्यांची तारीफ केली. आपले हे त्याच्या शेजारी बसून जेवले. यांनी त्याच्या पानात न विचारता रस्सा वाढला आणि त्याने नको म्हटलं नाही. दोन्ही बाजू सारख्या झाल्या. अशी स्वच्छ पास झालेली चाचणी मी आजवर पाहिली नव्हती.

फक्त निघताना भुपेंद्र मला बाजूला घेऊन म्हणाला, “बाई, (मोठी बहीण म्हणून मला तो बाई म्हणतो) तुयी ती उलटी चिठ्ठी मी समजलो. चिडवलंस मले. पन चालीस लिवलंस ना, तवा वाटलं, बहिनीनं याद ठेवली.” मी म्हटलं, वडे बांधून देते. आणि दिले.

तर असं झालं. सगळे खुशीत आहेत, मीसुद्धा. भाऊजींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुमची,
कामिनी

ता. क. – आता फोनबद्दल. त्या दोन्ही फाइली मी सगळीकडून पुसल्या आहेत, पण तुमच्या फोनवर त्या असणार. तो त्याच दिवशी पातेल्यात पडला. बरेच दिवस बंद असलेला फोन सुरू झाला की आमचं सॉफ्टवेअर कधीकधी पुसलेल्या फाइली नव्या समजून सर्वांना परत वाटतं. (हा खरा दोष आहे. मीच शोधला. या वेळी माफी मागावी लागली नाही.) तेव्हा फोन आला तरी कृपा करून सुरू करू नका. भुपेंद्रला पुन्हा ‘तसदी घेऊ नये’ गेलं, आणि ते कुठून आलं हे तो विचारू लागला, तर सगळं उसवेल. ही एकच विनंती होती, त्यासाठी एवढं लिहिलं. शेजारणीच्या फोनवर सांगता आलं नसतं, तुमच्या आधी त्याच उत्तर देतात.

ता. क. २ – फोन सुरू झालाच, तर त्यात एक फार लांब नावाची फाइल दिसेल. फाइलीचं नाव लांब असलं तरी सिंक चालतं का हे बघायला मी मनात येईल ते लिहीत गेले. ‘राखीताईंनी मागच्या पोळ्याला नेलेला माझा पितळी झारा अजून परत आलेला नाही आणि आता येईल असंही दिसत नाही’, असं ते नाव आहे. तो निव्वळ चाचणीचा मजकूर आहे, कृपया मनावर घेऊ नये. झारा सापडला तर मात्र येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर पाठवावा. चाळीस माणसांचे वडे मी चमच्याने काढले.

ता. क. ३ – पाकीट बंद करण्याआधी सगळं पुन्हा वाचलं. एका भावाला खरं कळू नये म्हणून मी एका नणंदेला फोन बंद ठेवायला सांगते आहे. हे काही बरोबर नाही. त्याच्या ‘याद ठेवली’ला मी वडे बांधून दिले, हेही बरोबर नाही. याद होती, ती मी लिहिली नव्हती एवढंच. तुम्ही फोन खुशाल सुरू करा, पण दोन दिवस थांबून.

डायरीतलं उद्याचं पान: पहिल्या बसने कोंढ्याला जाऊन भुपेंद्रला समोर बसवून खरं सांगणे.