ब्रॅम्प्टनचा सत्कार, फैजपूरचा हट्ट

॥ श्री ॥

फैजपूर,
दि. ९ सप्टेंबर २०२४

चि. अभिमन यास थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद.

बोलणार मी, लिहिणार माझी नात मेघा. तू कानाने गेलास. फोनवर मी ओरडते ते गल्लीला कळतं, तुला कळत नाही, म्हणून हा कागद. मेघा त्याचा फोटो काढून तुझ्या फोनवर टाकेल. मी बोलते तसं लिही म्हटलं तर ही पोरगी माझ्या 'शे'चं 'आहे' करते. करू दे. शिव्या मात्र तशाच ठेवायला सांगितल्या आहेत.

इकडे बठ्ठं बरं, सगळं ठीक. केळीची कटाई चालू आहे, माझा पोरगा समाधान दिवसभर ट्रकच्या मागे असतो आणि जेवायला बापाच्या तिथीला आल्यासारखा येतो. माझे गुडघे अजून माझेच आहेत.

आता मुद्दा. परवा तुझ्या लेकाने, ललितने, मेघाला सांगितलं, की सिनेमाच्या धंद्यात जन्म घालवलेल्या माणसांचा तिकडे कॅनडात एक संस्था दरवर्षी सत्कार करते आणि यंदाच्या चार नावांत तुझं नाव आहे. एकाच थिएटरात अडतीस वर्षं. मी लगेच पेढे आणवले, गल्लीत घरोघरी दिले. देऊन आले, हात धुतले, आणि मग मेघाने पुढचं सांगितलं, की तू त्यांना नाही म्हणालास.

पेढे लोकांच्या पोटात गेले, अभिमन. आता ते मी कसे परत मागू?

कारण कळव. धड कारण नसेल तर नुसता होकार कळव. मायेला इकडे तोटा नाही, पण ती धाकासकटच मिळेल.

तुझी
अक्का (पार्वताबाईंचा अंगठा, फोटोत नीट आला नाही)


ब्रॅम्प्टन,
दि. १५ सप्टेंबर २०२४

ती. अक्काच्या पायावर डोकं ठेवून, वि. वि.

तुझं पत्र पोहोचलं. अंगठा दिसला, तुझाच आहे, चुन्याचा डाग आहे त्यावर.

ललितला सगळं सांगायची घाई. अक्का, सत्कार बित्कार आपल्याला नको. हॉल शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. माझा एकुलता एक सूट पोटावर बसत नाही. नाव पुकारलेलं मला ऐकू येणार नाही, भलत्याच्याच नावाला उठून उभा राहिलो तर लोक हसतील. आणि मी केलं काय? पंचवीस-सव्वीस वर्षं प्रोजेक्टर चालवला, त्या आवाजानेच कान गेले. मग कॉम्प्युटरवर सिनेमे यायला लागले, आमची वरची खोली बंद झाली, तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत दारावर तिकिटं फाडत होतो. तिकिटं फाडणाऱ्याचा कसला सत्कार?

संस्था चांगली आहे. त्या दिवशी मोठं जेवण असतं, लोक तिकीट काढून येतात आणि जमलेले पैसे या धंद्यातल्या आजारी, अडलेल्या माणसांना जातात. चांगली माणसं आहेत, म्हणूनच म्हणतो, ते मानाचं पान दुसऱ्या कोणाला मिळू दे.

मेघाला अभ्यास कर म्हणावं. तुझा राग निवळला की दोन ओळी पाठव.

तुझा
अभिमन


॥ श्री ॥

फैजपूर,
दि. १८ सप्टेंबर २०२४

चि. अभिमन यास आशीर्वाद, रागासकट.

सूट शिंप्याकडे दे, दोन बोटं सोडून देईल. नाव पुकारलं की ललित कोपराने ढोसेल. हॉल लांब आहे म्हणतोस. तू फैजपूरहून कॅनडाला गेलास तेव्हा ते लांब नव्हतं का?

आणि दारावरचं काम हलकं कधीपासून झालं रे? तुझे दाजी टुरिंग टॉकीजचे ऑपरेटर. त्यांच्याच हाताखाली तू मशीन शिकलास, म्हणून तिकडे भाकरी मिळाली. पण त्याच तंबूत बायांच्या दारावर अकरा वर्षं कोण बसलं? मला अक्षर येत नव्हतं, आजही येत नाही. गुलाबी तिकीट खुर्चीला, पिवळं चटईला. एक पिवळी बाई कधी खुर्चीवर जाऊ दिली नाही मी. शेवटी तूही माझ्याच हुद्द्यावर येऊन पोहोचलास, त्याला हलकं म्हणू नको.

हसण्याचं म्हणतोस तर ऐक, तू तेव्हा इथे नव्हतास. तंबू कायमचा उठला त्या दिवशी मगनशेठने सगळ्या कामगारांना टोपी, टॉवेल, नारळ दिला. माझी पाळी आली तर शेठ अडला. बाईला टोपी कशी घालायची? म्हणून माझी टोपी तुझ्या दाजींच्या हातात द्यायला निघाला. मी म्हटलं, शेठ, दार त्यांनी नाही, मी सांभाळलं. टोपी घेतली आणि पदरावरून डोक्यावर घातली. सगळी बाजारपेठ हसली. मी हसू संपेपर्यंत तिथेच उभी राहिले. हसू संपतं, अभिमन. फार वेळ लागत नाही.

तर तुझी चारही कारणं मोडली. राहिली शेवटची ओळ. माणसं चांगली आहेत म्हणून सत्कार नको, हे कुठलं गणित? खरं कारण तू कागदावर आणलेलं नाहीस. दारावर अकरा वर्षं काढलेल्या बाईला लपवलेलं कळतं. पदराखाली पोर घेऊन फुकट शिरणाऱ्या मी कितीतरी पकडल्या आहेत.

खरं लिही. तोवर लोभ गहाण ठेवला आहे असं समज.

अक्का


ब्रॅम्प्टन,
दि. २ ऑक्टोबर २०२४

ती. अक्का, नमस्कार.

दोन आठवडे हे पत्र लिहितो आणि फाडतो आहे. शेवटी फाडायचा कंटाळा आला.

तुझी भावजय सुलक्षणा जाण्याआधी आजारी होती ती दोन वर्षं तुला आठवतात. घरी नर्स ठेवली होती, पलंग आणला होता, आणि हे सगळं ललितने केलं असं मी तुला कळवलं होतं. ते खरं नव्हतं. ललितची नोकरी त्याच काळात गेली होती. तो आईचं डोकं मांडीवर घेऊन बसायचा, पण नर्स ठेवायला त्याच्याजवळ काही नव्हतं, माझ्याजवळही नव्हतं. थिएटरच्या मॅनेजरने एक अर्ज आणून दिला. तो मी भरला. नर्सचा, पलंगाचा सगळा भार त्या संस्थेने उचलला. हीच संस्था, अक्का.

भडगावहून तिच्या माहेरचं, फैजपूरहून आपल्या माणसांचं सारखं विचारणं चालू होतं, की मुलगा काय करतो, मुलगा काय करतो. मी ललितचं नाव सांगून टाकलं. त्यालाही ते नको म्हणवलं नाही. पुढे त्याची नोकरी लागली, लग्न झालं, सासरच्या माणसांनीही तेच ऐकलं. मी गेलो तर त्या जेवणाला ती सगळी येणार.

मदत कोणाला दिली ते संस्था कधीच बाहेर सांगत नाही. तिथल्या बाईंनी मला तसं पुन्हा सांगितलं. पण मला तर माहीत आहे ना. ज्यांच्या हातून घेतलं त्यांच्याच हातून मान घ्यायचा आणि गप्प उभं राहायचं, तर मी खोटा. बोलावं तर ललितची मान खाली. म्हणून नाही म्हणालो. आता तरी सोड.

तुझा
अभिमन


॥ श्री ॥

फैजपूर,
दि. ५ ऑक्टोबर २०२४

चि. अभिमन,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी बोलून घेते.

माझी भावजय दोन वर्षं स्वच्छ चादरीवर होती, तिच्या उशाशी नर्स होती, पोराच्या मांडीवर तिचं डोकं होतं. यात लाज कोणाला वाटायला हवी ते मला दाखव. मला सापडत नाही. लाज एवढीच, की माझ्यापासून लपवलंस. त्याचा हिशोब तू इकडे येशील तेव्हा, चिमट्याने.

आता तंबूची एक गोष्ट, ती तुझ्या दाजींनाही ठाऊक नव्हती. रावेरला, सावद्याला, जिथे तंबू लागेल तिथे, काही बाया बाहेर उभ्या राहायच्या. तिकिटाला पैसे नसायचे. आतला आवाज ऐकत उभ्या. इंटरव्हल झाला की मी कनातीचा कोपरा उचलायची आणि एकेकीला आत घ्यायची. शेठला कळलं असतं तर मलाच बाहेर काढलं असतं. पण ज्या आत आल्या त्या दुसऱ्या दिवशी कोणाला सांगायच्या नाहीत. फुकट पाहिला हे कसं सांगायचं? म्हणून दर मुक्कामाला बाहेर पुन्हा बाया उभ्याच. प्रत्येकीला वाटायचं, गावात आपणच तेवढ्या अडलेल्या. एकीने तोंड उघडलं असतं तर पंधरा जणी आत आल्या असत्या. मी दारावर बसून ओरडून सांगू शकत नव्हते. तू सांगू शकतोस.

त्या संस्थेचं बरोबर आहे, तिने नाव सांगू नये. पण तुझं नाव तुझं आहे, ते तू सांग. आणि लोक तिकीट काढून जेवायला येतात म्हणतोस, म्हणजे त्या दिवशी पिक्चर तू आहेस. पिक्चरच आला नाही तर तंबू कोणासाठी भरायचा?

ललितचं म्हणशील तर मी इकडे सुरुवात केली आहे. त्याचं कौतुक मीच गल्लीभर केलं होतं, म्हणून परवा शेजारच्या मंजुळाबाईच्या ओट्यावर बसून सगळ्यांना खरं सांगितलं. मंजुळाबाईने विचारलं, की परक्यांच्या पैशावर आजारपण काढलं का. मी म्हटलं, अडतीस वर्षं ज्यांच्यात राबला ते परके, तर तू कोण? दोन दिवस ती माझ्याशी बोलत नाही. दुपारची झोप छान लागते आहे.

ललितला आधी सांग. विचारू नको, सांग. तो रागावेल. रागावू दे, तरुण आहे, त्याला झेपेल. आईचं डोकं मांडीवर घेतलं हे खरं आहे, तेवढ्यावर त्याची मान ताठ राहते. उरलेलं खोटं त्याला किती वर्षं वाहायला लावणार आहेस?

आता आशीर्वाद घे. होकार कळवलास की आणखी पाठवते.

अक्का

(आजोबा, मी मेघा. आजी हे सांगताना एकदाही थांबली नाही. मलाच थांबावं लागलं.)


ब्रॅम्प्टन,
दि. २४ नोव्हेंबर २०२४

ती. अक्काच्या चरणी दंडवत.

तुझ्या धाकाने होकार दिला आणि कार्यक्रम झाला. गेल्या रविवारी.

ललितला आठ दिवस आधी सांगितलं. तो म्हणाला, असं काही बोलणार असाल तर मी येत नाही. पण आला. सूनबाईच्या आईवडिलांसोबत एका टेबलावर बसला आणि पूर्ण वेळ ताटाकडे बघत राहिला. त्यामुळे कोपराने ढोसायला कोणी नव्हतं. पडद्यावर माझा प्रोजेक्टरच्या खोलीतला फोटो आला तेव्हा उठलो.

मी चार वाक्यं लिहून नेली होती. वर गेल्यावर कागद काढलाच नाही. त्यांच्या भाषेत म्हणालो, की माझी बायको आजारी होती तेव्हा तुमच्यासारख्या लोकांनी तिकीट काढून जेवण केलं, त्यातून तिची नर्स आली. मी हे आठ वर्षं लपवलं आणि मुलाच्या नावावर खपवलं. मुलाने तिला हाताने भरवलं, ते मात्र त्याचंच आहे. मी अर्ज भरला होता आणि त्याची मला लाज वाटत नाही.

अक्का, टाळ्या मला ऐकू येत नाहीत, पाहाव्या लागतात. आधी कोणाचेच हात हलले नाहीत. तू म्हणाली होतीस तसा उभा राहिलो. मग मागच्या टेबलावरचे हलले, मग बाकीचे. ललितचे हलले नाहीत.

जेवण झाल्यावर डोरीन आली. माझ्याच थिएटरातली, पॉपकॉर्नच्या काउंटरवर एकोणीस वर्षं, मी दारावर आल्यापासून तर माझ्यासमोरच उभी असायची. मला ऐकू येत नाही म्हणून तिने कागदी रुमालावर लिहून दिलं, की नवरा गेल्या हिवाळ्यापासून अंथरुणावर आहे, तो अर्ज कुठे मिळतो, आणि कृपा करून कोणाला सांगू नको. एकोणीस वर्षं ती रोज हसून बोलायची. मला काही कळलं नव्हतं.

तिचा रुमाल घरी टेबलावर राहिला, तो ललितने वाचला. तीन दिवस तो माझ्या खोलीकडे फिरकला नाही. चौथ्या दिवशी गाडीची किल्ली घेऊन माझ्या खोलीच्या दारात आला आणि डोरीन राहते कुठे ते विचारलं. बसने गेलो असतो तर दोन तास लागले असते. तिथे पोहोचल्यावर अर्ज त्यानेच भरला, माझं अक्षर वाईट आहे म्हणून.

सत्काराचा फोटो मेघाकडे पाठवला आहे. रागाचं काही उरलं असेल तर ते सोडून बाकी सगळं पाठव.

तुझा
अभिमन


॥ श्री ॥

फैजपूर,
दि. २७ नोव्हेंबर २०२४

चि. अभिमन यास पोटभराहून थोडे जास्त आशीर्वाद.

फोटो पाहिला. सूट अजून पोटावर ओढतोय. शिंपी बदल.

डोरीनच्या अर्जाचं काय झालं ते आधी कळव, बाकी बातम्या मागून. तिला कोणाला कळायला नको असेल तर तू तोंड बंद ठेव, तिचं नाव तिचं आहे. नवरा जरा बसता झाला की तिला हळूच विचार, की तुमच्या थिएटरात आणखी कोण रोज हसून बोलतं.

काल ललितचा फोन आला होता. मेघाने स्पीकर लावून दिला. तो म्हणाला, आत्या, या वयात तुम्ही बाबांना बिघडवलं. मी हो म्हटलं. फोन मात्र दोघांनीही ठेवला नाही.

इकडे वांगी आली आहेत. भरीत होतं तेव्हा तुझी आठवण निघते. मायेची उधारी बंद, आता सगळी रोख.

तुझी
अक्का