हात लावू नये

प्रताप नगर, नागपूर

तीर्थरूप बाबा,

पाया पडते, पण आज डोकं तापलेलं आहे.

आम्ही सगळे बरे आहो. इथल्या सदर भागातल्या कलाप्रदर्शनात माझा बोन्साय वड ठेवला होता. तोच, जो तुम्ही विहिरीच्या भिंतीतून उपटून मले दिला होता. अठरा वर्षं सांभाळला मी त्याले. पहिल्यांदाच चित्रांच्या रांगेत जागा मिळाली.

बाजूले एका वडाचं चित्र होतं. त्याच्यापुढे दोरी, अन् पाटी: हात लावू नये. माझ्या वडापुढे काहीच नाही.

परवा वटपौर्णिमा होती. एवढ्या उन्हात बाहेर कोण जाईल म्हणून प्रदर्शन भरवणाऱ्या संस्थेच्या बायांनी माझ्याच वडाले सूत गुंडाळलं, हळदीकुंकू वाहिलं. सूत ओढता ओढता खालची फांदी मोडली. तार बांधून अकरा वर्षं वाकवली होती मी ती, आपल्या विहिरीवर झुकलेल्या मोठ्या वडाच्या फांदीसारखी.

मी भांडली. त्यांची सचिव म्हणते, "ताई, झाडच आहे ना, फुटेल पुन्हा. चित्र थोडीच आहे?"

काहून, बाबा? कागदावरच्या वडाले दोरी अन् जित्या वडाले सूत?

रडली नाही मी. येताना वडासंगं त्या चित्रापुढची पाटीही उचलून आणली अन् गच्चीवर वडापुढे लावली.

आईचे गुडघे कसे आहेत? धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकले का? दोघंही या एकदा. फक्त गच्चीवर पाटी वाचूनच जा. मागच्या खेपेले दातणासाठी पारंबी तुम्हीच तोडली होती, मी विसरली नाही.

तुमचीच लेक,
मंदा