शिंप्याचं दीड एकर

४ फेब्रुवारी
शिंप्यानं आज विचारलंच. उशीचे अभ्रे द्यायला गेले होते. मशीन न थांबवता म्हणाला, "आमचं दीड एकर खंडानं कसायला घेता का? तुमच्या बांधाला बांध आहे. वडील गेल्यापासून नुसतं गवत माजलंय. मला सुई सोडून काही धरता येत नाही." चोवीस तारखेच्या रविवारपर्यंत सांगायचंय. नाहीतर खुरपणीच्या बायकांची मुकादमीण मागतेच आहे.

"बघते," म्हणाले. पण घराचं कुलूप काढेपर्यंत मनात टोमॅटो लावून मोकळी झाले होते.

५ फेब्रुवारी
ताईचा फोन. दर मंगळवारी येतो, तिची मालिका सुरू होईपर्यंत चालतो. "बावन्न वर्षांची झालीस, गुडघा कुरकुरतो, आणि आणखी जमीन? विकतचं दुखणं आहे हे. एकटीला झेपणार आहे का?"

नाही झेपणार. म्हणून तर हवी आहे! हे तिला सांगितलं नाही. इथे लिहिते, इथे कोण वाचतंय.

माझ्या पाऊण एकराला दुसरं माणूस लागत नाही, हेच माझं दुखणं. एकटी लावते, एकटी खुरपते, एकटी तोडते. क्रेट फाटकाशी ठेवते. टेम्पोवाला येतो, उचलतो, जातो. पोटापुरतं यांचं पेन्शन आहे, त्यामुळे कोणापुढे हात पसरायला म्हणून जायचीही सोय नाही. शिंप्याचं दीड एकर घेतलं की माणसं लावावीच लागतील. पाच-सहा बायका. बांधावर जेवायला बसतील. कोणीतरी म्हणेल, बाई, थोडं मीठ आहे का?

मिठासाठी दीड एकर. ताईला कळलं तर मालिका बुडवून हसेल.

७ फेब्रुवारी
आज बोललेली वाक्यं मोजली. तीन. टेम्पोवाल्याला "सावकाश", दुकानात "साबण द्या", आणि मांजराला "हो बाजूला". मांजर शेजारच्यांचं.

९ फेब्रुवारी
शिंप्याच्या तुकड्यात फिरून आले. गवत कमरेएवढं, पण माती काळी, हाताला मऊ. पाणी बरं आहे. नाव ठेवायला जागा नाही.

तिथून पलीकडच्या शेतात मुकादमीण दिसली. मी मनातल्या मनात तिला तोफ म्हणते, आवाजच तसा आहे. स्वतः खंडानं जमीन करते, आणि हात मोकळे असले की आपल्या बायका घेऊन दुसऱ्यांची खुरपणी करते. सहाजणी ओळीत बसल्या होत्या. काय बोलत होत्या ते कळलं नाही, हसणं तेवढं येत होतं. मी गवतात उभी राहून ऐकत होते. कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, बाईचं डोकं फिरलं.

हे जाऊन चार वर्षं झाली. असताना तरी कुठे बोलायचे! पण घरात न बोलणारं माणूस असणं वेगळं आणि माणूसच नसणं वेगळं. रात्र तर सोडाच, मला दुपार खायला उठते.

१२ फेब्रुवारी
अंथरूण पाहून पाय पसरावेत. आधी एक दिवस माणसं लावून बघते. तोफेला गाठून सांगितलं, लसणात खुरपणी आहे. "गुरुवारी येतो, बाई."

१३ फेब्रुवारी
संध्याकाळी लसणात सहज नजर टाकली आणि लाजच वाटली. काय ते तण! उद्या त्या बायका येऊन बघणार, म्हणणार, बाईंना शेत सांभाळता येत नाही. पाहुणे यायच्या आधी घर झाडतो तशी बसले खुरपं घेऊन. अंधार पडेपर्यंत शेवटच्या आठ ओळी तेवढ्या राहिल्या. कंबर गेली.

१४ फेब्रुवारी
सहाजणी आल्या. तोफ बांधावर उभी राहून इकडे बघते, तिकडे बघते. "बाई, खुरपायचं कुठे आहे?"

आठ ओळी. साडेनऊला संपल्या. मी झाडाखाली चटई घातली होती, सहा पेले मांडले होते, भाजी केली होती सगळ्यांपुरती. तोफ म्हणाली, "आता पलीकडच्या मक्यात जातो आम्ही, उरलेला दिवस तिथे भरेल. तुम्हाला माणसं कशाला लागतात, बाई? तुम्ही एकट्या आम्हां सहाजणींना भारी आहात."

कौतुक करत होती. मला तिच्यासमोर रडू येईल म्हणून पेले उचलायला वाकले.

१५ फेब्रुवारी
कालचीच भाजी.

१८ फेब्रुवारी
पुन्हा बोलावलं, मिरचीत. या वेळी एक काडी उपटली नाही, शहाण्यासारखी. दुपारपर्यंत काम पुरलं. झाडाखाली डबे उघडले, हसणं सुरू झालं. मीही माझं ताट घेऊन गेले.

सगळ्या गप्प. एकीनं पोतं झटकून माझ्यासाठी पसरलं. "बसा, मालकीणबाई." बसले. सगळ्यांत म्हातारी होती ती भराभर घास घ्यायला लागली. "उठतोच हं आम्ही." तिला वाटलं, मी वेळ बघायला आलेय. मी म्हटलं, नाही हो, सावकाश जेवा. मी जितकं सावकाश म्हणावं तितकी त्यांची घाई वाढली. शेवटी मीच उठले, घरात काम आहे म्हणून. काम कसलं डोंबल.

नळाशी पोचले नसेन, तोवर मागे हसायला लागल्या. माझ्यावर नसणार. पण फार लागलं.

१९ फेब्रुवारी
ताई : "घेतलीस का जमीन?" म्हटलं, अजून नाही. "बरं झालं, अक्कल शाबूत आहे."

अक्कल कसली. दीड एकर घेऊन मिळणार काय, तर सहाजणी मला मालकीणबाई म्हणणार. जमीन वाढवली तर पोतं तेवढं आणखी झटकून मिळेल. पण नाही म्हटलं तर? तर मी, लसूण आणि शेजारच्यांचं मांजर. रविवार जवळ आला आणि घोडं अडलंय ते अडलंयच.

२२ फेब्रुवारी
तोफ घरी आली. खुर्ची दिली तरी पायरीवरच बसली. "स्पष्ट विचारते, बाई. शिंप्याचं तुम्ही घेणार असाल तर मी माघार घेते. बांध तुमचा, पहिला मान तुमचा. पण मला नड आहे. आधीची खंडाची जमीन मालकानं काढून घेतली. सहाजणींना रोज कुठून काम आणू?"

चहा दिला. फुंकून फुंकून प्याली. म्हणाली, सहाजणींतली म्हातारी आता लेकीकडे चाललीय कायमची. तिची पात रिकामी पडणार. मी विचारलं, पात म्हणजे? "खुरपताना जिची तिची पट्टी असते ना, ती. एक जण कमी झाली की सगळ्यांची लय बिघडते. गप्पाही तुटतात मधेच."

दोन दिवसांत सांगते म्हटलं. ती गेल्यावर मी तिच्या जागेवर, पायरीवर, बराच वेळ बसले होते.

२४ फेब्रुवारी
शिंप्याला नाही सांगून आले. दीड एकर तोफ करणार. येता येता तिच्या घरी गेले आणि माझं पाऊण एकरही तिलाच खंडानं देऊन टाकलं. अट एकच घातली, त्या रिकाम्या पातीची. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या गुडघ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "सातला बांधावर पाहिजेस. खुरपं तुझं, डबा तुझा. उशीर केलास तर सगळ्यांदेखत ओरडेन."

ओरड, म्हटलं.