चार काळ्या वायरी

९ नोव्हेंबर २०२५, रविवार. चर्चमधील सकाळच्या मिस्सानंतर.
येत्या १० जानेवारीला माझ्या आणि एमिलीच्या विवाहाला पन्नास वर्षे पूर्ण होतात. त्या दिवशी जे सिद्ध होणार आहे, त्याच्या पायऱ्या नोंदलेल्या असाव्यात, म्हणून ही वही.
वस्तुस्थिती अशी. दिवंगत सासूबाईंच्या ट्रंकेत एक कॅसेट सापडली. जहाजावर नोकरीला असलेल्या एमिलीच्या मामांनी आमच्या लग्नात टेप रेकॉर्डर फिरवला होता. नवरा मांडवात शिरताना सासूबाईंनी स्वतः रचून जे गाणे म्हटले, ते त्या कॅसेटवर आहे. त्यांचा आवाज जगात दुसरीकडे कोठेही नाही. मी त्या वेळी बँडवाल्यांच्या शेजारी उभा होतो. पहिली ओळ ऐकली: ‘जावई माझा मोटा ग्यानी.’ दुसऱ्या ओळीला बँड सुरू झाला. म्हणजे माझ्याविषयीचे एक प्रशस्तिपत्र गेली पन्नास वर्षे न वाचता पडून आहे.
सूनबाई जॉयसने कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून आणली. म्हणाली, पप्पा, मोबाइलवर लावू का? नकार दिला. असा पुरावा डबड्यातून ऐकायचा नसतो. एमिली मात्र स्वयंपाकघरात मोबाइल कानाला लावून ऐकते आणि मी आत गेलो की बंद करते. भावनावश होत असावी.
ता. क. कपडे वाळत घालायची दोरी तुटली आहे, असे एमिली म्हणाली. उद्या पाहतो.

१२ नोव्हेंबर
निर्णय घेतला. कॉम्प्युटरमधील आकड्यांचे शुद्ध आवाजात रूपांतर करणारे ‘डॅक’ नावाचे यंत्र सुट्या भागांत मिळते. ते मागवले; आवाजासाठी घरचा जुना स्टीरिओ आहेच. स्वतः जोडणार. चौतीस वर्षे तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाला त्यातील सतरा वायरी जोडणे कठीण का जावे? जावे असे एकही कारण सापडले नाही.
एमिलीचा धाकटा भाऊ टोनी वटारमध्ये मांडव आणि साऊंडचा धंदा करतो. त्याला फोन करून सांगितले की १० तारखेला मांडव आण, साऊंड आणू नकोस. तो म्हणाला, भावोजी, एक स्पीकर गाडीत राहू दे, खात नाही तो काही. मी म्हणालो, पर्याय हाताशी असला की संकल्प दुबळा होतो. त्याने फोन ठेवला. पटले असावे.

२० नोव्हेंबर
किट आले. दोन हिरव्या पट्ट्या, एक ट्रान्सफॉर्मर, मागे लावायची दोन सॉकेटे, वायरींची पुडी, एक पानी सूचनापत्र. सूचनापत्रात विरामचिन्हांच्या अकरा चुका आहेत. अशा लेखकावर कितपत विसंबावे?

२१ नोव्हेंबर, सायंकाळी
माझी शंका खरी ठरली. सूचनापत्रात चार ठिकाणी लिहिले आहे: ‘जीएनडी ते जीएनडी, काळी वायर.’ जीएनडी म्हणजे ग्राउंड; ग्राउंड ते ग्राउंड ही निव्वळ पुनरुक्ती आहे. ‘अ हा अ आहे’ या विधानाने ज्ञानात काहीही भर पडत नाही. मग त्याने यंत्रात कशाची भर पडणार? जे मुळातच एक आहे, त्याला त्याच्याशीच वायरीने जोडणे हा अविचार होय. चारही काळ्या वायरी वगळल्या आणि साखरेच्या रिकाम्या डब्यात ठेवल्या. आता सतराऐवजी तेराच. सूचनापत्राच्या लेखकाला ई-मेल लिहून चूक कळवली.
दोरी: अद्याप नाही. एमिली कुंपणावर कपडे घालते. कुंपण त्यासाठी पुरेसे आहे.

३० नोव्हेंबर
सोल्डरिंग. तापल्या सळईने वायरींचे पाच जोड झाले. टेबलक्लॉथला एक भोक. एमिली म्हणाली, अहो, ते माझ्या आईने विणलं होतं. मी म्हणालो, आईचा आवाज की आईचा टेबलक्लॉथ, यांतील एक निवडावे लागेल. तिने दोन्ही उचलून आत नेले. म्हणजे टेबलक्लॉथ आणि मोबाइल.

७ डिसेंबर
तेरा जोड पूर्ण. प्रथम विद्युतपुरवठा. घरातील सर्व दिवे गेले. त्याच क्षणी एमिली मिक्सरवर मसाला वाटत होती. निष्कर्ष: मिक्सर.

८ डिसेंबर
मिक्सर बंद ठेवून पुन्हा प्रयोग. दिवे गेले. निष्कर्ष: घराचे जुने वायरिंग. शिवाय ट्रान्सफॉर्मरच्या दोन वायरींची अदलाबदल झाली होती. ती केवळ नीटनेटकेपणासाठी सुधारली. त्यानंतर दिवे गेले नाहीत. म्हणजे घराचे वायरिंग आपोआप सुधारले.

१४ डिसेंबर
आज यंत्र बोलले! सुरुवातीस ‘घूंऽऽ’ असा गंभीर, अखंड नाद. त्यामागे, फार लांब, विहिरीच्या तळाशी कोणीतरी गात असल्याचा भास. पहिल्या ओळीतील ‘ग्यानी’ हा शब्द निश्चित ओळखू आला. महत्त्वाचा शब्द तोच.
जॉयस म्हणाली, पप्पा, खाली टेम्पो उभा आहे का? तिला समजावले की नव्या यंत्राला मुरावे लागते. लोणच्यालाही लागते.

२१ डिसेंबर
टोनी नाताळची सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, घेऊन आला. यंत्राकडे पाहून लगेच म्हणाला, भावोजी, काळ्या वायरी कुठं गेल्या? पुनरुक्तीचा मुद्दा त्याला सविस्तर सांगितला. तो मध्येच म्हणाला, ते तुमचं खरं असेल, पन गाणं येनार नाही. आणा, दहा मिनिटांत लावतो. मी अर्थातच नकार दिला. तो साखरेच्या डब्याकडे हात नेत होता, तेवढ्यात एमिलीने त्याच्याकडे पाहून मान हलवली. त्याने हात मागे घेतला, एक सुकेळे तोंडात टाकले आणि म्हणाला, बरोबर आहे, राहू दे घूं.
पन्नास वर्षांनंतर का होईना, एमिली तर्काच्या बाजूने उभी राहिली. समाधान वाटले.

२८ डिसेंबर
नाद कायम. त्याच्याशी तडजोड करण्याचा विचार. उत्तम संगीतात तंबोरा असतोच.
एमिली म्हणते, अहो, मोबाइलवर लावू या, फेलिशियाबाय कानाला धरून ऐकेल. फेलिशिया म्हणजे तिची थोरली बहीण, वय त्र्याऐंशी. आईचा आवाज ऐकायचा म्हणून ती मनवेलपाड्याहून मुलाच्या गाडीतून येणार आहे. मी म्हणालो, मंडपात ऐंशी माणसे असतील, ऐंशी कानांना मोबाइल कसा पुरेल? एमिली म्हणाली, सगळ्यांनी ऐकायलाच पाहिजे असं नाही. काही गोष्टी पुसट असलेल्या बऱ्या.
तिचा हा विनय मला नेहमीच आवडत आला आहे.

९ जानेवारी २०२६
उद्याच्या भाषणाचे मुद्दे: (१) किटची निवड, (२) सूचनापत्राचे खंडन, (३) सासूबाईंची माणसे ओळखण्याची दृष्टी. बावीस मिनिटे.
नाद किंचित वाढला आहे. आत्मविश्वासही.
ई-मेलला उत्तर आले. एकच ओळ: ‘कृपया काळ्या वायरी जोडा.’ युक्तिवाद शून्य.

१० जानेवारी, शनिवार. पाहुणे गेल्यावर.
क्रमवार लिहितो.
मिस्सा सुंदर झाला. अंगणात मांडव, ऐंशी माणसे, फेलिशिया पहिल्या रांगेत खुर्चीवर, हातात रुमाल तयार. माझे भाषण बावीसऐवजी एकतीस मिनिटे चालले. त्यानंतर बटण दाबले.
घूंऽऽऽ.
सगळे थांबून राहिले. दोन मिनिटांनी फेलिशिया म्हणाली, अगं एमिली, मोटर चालू राहिली काय? पानी वाहून जाईल. कोणीतरी धावत जाऊन विहिरीवरचा पंप पाहून आला. पंप बंद होता. मी आवाज वाढवला. एक बाळ रडू लागले. फेलिशिया रुमालाची घडी घालू लागली आणि म्हणाली, जाऊ दे गं, माझेच कान गेले असतील.
एमिलीने बहिणीकडे पाहिले. मग माझ्याकडे. मग टोनीला म्हणाली, जोड.
टोनी म्हणाला, बाय, नक्की ना? मागून माझ्या नावानं बोंब नको.
ती म्हणाली, जोड रे. तिला आई ऐकू दे.
साखरेचा डबा आला. टोनीने खिशातून सोल्डरिंग आयर्न काढले. याचा अर्थ तो ते घेऊनच आला होता. बारा मिनिटे. मी वेळ लावली होती.
नाद गेला. संपूर्ण गेला. इतकी शांतता की नारळाच्या झावळ्या ऐकू आल्या. मग सासूबाई गायल्या. त्या समोर उभ्या असाव्यात तशा. कांकणे वाजलेलीही ऐकू आली. फेलिशियाने डोळ्यांना रुमाल लावला, एमिलीने तिचा हात धरला.
पहिली ओळ मी वर दिली आहेच.
उरलेल्या ओळींबद्दल उद्या.

११ जानेवारी, रविवार
प्रामाणिक नोंदीसाठी संपूर्ण गाणे उतरवतो.

जावई माझा मोटा ग्यानी,
बोलून बोलून आटवलं पानी,
रहाटाची दोरी बांद म्हटलं तर
सांगत बसला दोरीची कहानी.

ऐंशी माणसांनी ते चार वेळा ऐकले. तिसऱ्या वेळी फेलिशिया रडता रडता हसू लागली आणि स्वतः म्हणू लागली. चौथ्या वेळी बायकांच्या दोन रांगा टाळ्या वाजवत साथीला होत्या. जावयाला चार टोमणे मारल्याशिवाय मांडवात घेत नाहीत, ही त्यांच्याकडची रीतच, असे टोनी मला समजावत होता. रीत मला माहीत होती. ती मला लागू होते, हे माहीत नव्हते.
माझा आक्षेप नोंदवतो. सासूबाईंचे विधान एकाच घटनेवर आधारित आहे. लग्नाच्या आदल्या आठवड्यात त्यांच्या वाडीत रहाटाची दोरी सुटली होती हे खरे. ती बांधण्याआधी गाठींचे प्रकार मी स्पष्ट केले हेही खरे. तोवर संध्याकाळ होऊन केळींना पाणी गेले नाही हेही नाकारत नाही. पण एका उदाहरणावरून सर्वसामान्य नियम काढता येत नाही.
हे एमिलीला सांगितले. ती भांडी पुसत होती. म्हणाली, बँड एकदम का वाजला, ते कधी विचारलंत? मी नवरीच्या वेषात कोपऱ्यात उभी होते. आई दुसरी ओळ घेणार हे मला ठाऊक होतं. मामांना पाठवलं, म्हटलं बँडवाल्यांना सांगा, जोरात वाजवा. त्यांचा टेप मात्र आईच्या तोंडाशीच चालू राहिला. एवढा हौसेने फुलला होता तुमचा चेहरा. पन्नास वर्षं झाकलं मी. तुम्ही यंत्र बनवून उघडं केलंत.
 
नंतर तिने हातात नायलॉनची नवी दोरी दिली. म्हणाली, कालच्या चादरी ओल्या आहेत.
मी दोरी घेऊन अंगणात गेलो. दोन खांबांतील अंतर पाहता, गाठ निवडण्यापूर्वी दोन प्रश्नांचा निकाल लावणे आवश्यक होते. पहिला प्रश्न मी मांडव सोडवायला आलेल्या टोनीपुढे मांडला. तो हो-हो म्हणत ऐकत होता.
दुसऱ्या प्रश्नाकडे वळलो, तेव्हा माझे हात रिकामे होते आणि चादरी वाळत होत्या.