निवड-बैठकीस शंभर टक्के हजेरी मिळणेबाबत

प्रति,
मा. कर्मचारी कल्याण अधिकारी
तथा मानद अध्यक्ष, कामगार मनोरंजन मंडळ,
सुखनातीर प्रेस पार्ट्स, शेंद्रा,
छत्रपती संभाजीनगर.

विषय : हॉकी फँटसी लीगच्या खेळाडू-निवड बैठकीची (ड्राफ्टची) वेळ व जागा मंजूर होऊन अर्जदाराची लीग-आयुक्त पदातून सुटका होणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा गेल्या महिन्यातील अर्ज.
२) त्यावरील आपला शेरा : "नियमानुसार कार्यवाही करावी."

महोदय,

वरील विषयी अर्जदार सोमनाथ नानासाहेब शेजूळ, प्रेस शॉप, हा सविनय सादर करतो की, आपला शेरा त्याने शिरसावंद्य मानून नियमानुसारच कार्यवाही केली आणि त्यामुळेच त्याच्यावर ही वेळ आली आहे. नियम अर्जदारानेच लिहिलेले आहेत. आपल्याच हाताने खणलेल्या खड्ड्यात माणूस पडला तर वरून हात कोणाला मागावा, हे नियमावलीत नमूद नाही. म्हणून हा अर्ज.

१. लीगची हकीकत आपणांस ठाऊक आहे, तरी नोंदीसाठी थोडक्यात देतो. कारखान्यात पूर्वी क्रिकेटची फँटसी लीग होती. तिच्यावरून कँटीनमध्ये ताटे उडाली, तेव्हा व्यवस्थापनाने ठरवले की ज्यातले कोणालाच काही कळत नाही असा खेळ घ्यावा, म्हणजे भांडणे होणार नाहीत. अशा रीतीने हॉकी आली. आठ कामगार आठ मनातल्या संघांचे मालक झाले. टीव्हीवर होणाऱ्या स्पर्धेतले खरे खेळाडू या आठ जणांनी आपसांत वाटून घ्यायचे. आपल्या खेळाडूने गोल केला की आपल्याला गुण, त्याला कार्ड दाखवले की आपले गुण वजा. पैशाचा संबंध नाही, जिंकणाऱ्याचे नाव फक्त कँटीनमधल्या ढालीवर लागते. खेळाडू वाटून घेण्याची जी बैठक तिला ड्राफ्ट म्हणतात. ड्राफ्ट झाल्याशिवाय लीग सुरू होत नाही. अर्जदाराचा संघ नाही. ज्याला संघ नाही तो निःपक्षपाती, असे म्हणून सर्वांनी त्याला आयुक्त केले. अर्जदारास तेव्हा फार आनंद झाला होता. घरी जाऊन त्याने पेढे वाटले, ही गोष्ट आता आठवली की त्याचे कान गरम होतात.

२. पहिल्या वर्षीचा ड्राफ्ट मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये घेतला. पाळी इंद्रजीत या मालकावर आली तेव्हा इंद्रजीत रात्रपाळी करून गाढ झोपला होता. बाकीचे सात जण दिवसभर मोबाइलकडे बघत बसले. संध्याकाळी कोणीतरी त्याच्या वतीने नावे टाकली आणि त्याच्या संघात तीन गोलरक्षक आले. इंद्रजीत उठल्यावर जे बोलला ते अर्जात लिहिता येत नाही. अर्जदारास त्याचा इतका संताप आला की त्याने एका बैठकीत कडक नियमावली लिहून काढली. नियम चार : ड्राफ्ट सर्व मालकांच्या प्रत्यक्ष हजेरीत, एकाच जागी, एकाच वेळी होईल, एकही मालक गैरहजर असल्यास तो रद्द समजावा. नियम सात : ड्राफ्टची वेळ व जागा आयुक्त सुचवील व कल्याण अधिकारी मंजूर करतील. नियम नऊ : नियमात किंवा मालकात बदल फक्त ड्राफ्टच्या बैठकीतच आणि सर्वांच्या सहीने होईल, आयुक्तात बदलही त्याच बैठकीत, पण बहुमताच्या सहीने. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. तीन पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्यातले आठ जण एका वेळी जागे कधी असतात, हा प्रश्न त्या दिवशी अर्जदारासह एकाच्याही डोक्यात आला नाही.

३. यंदा ड्राफ्टसाठी अर्जदाराने जे प्रयत्न केले ते असे. पहिल्यांदा रविवारची सकाळ ठरवली. रात्रपाळीचे दोघे भिंतीला टेकले ते तसेच झोपले. झोपलेला माणूस हजर की गैरहजर, यावर तासभर वाद झाला आणि तोवर बाकीचेही पेंगू लागले. मग पाळी बदलताना गेटवर सगळे भेटतात म्हणून तिथे घेतला. पहिली फेरी छान झाली, दुसऱ्या फेरीत कंपनीच्या बसने हॉर्न दिला आणि मालकांपैकी तिघे पळाले. त्यानंतर सर्वांच्या पाळ्या जुळवून सहा डिसेंबर ही तारीख काढली. त्यावर धम्मपाल या मालकाने शांतपणे सांगितले, "सोमनाथभाऊ, सहा डिसेंबरला मी दादरला असतो. हे तुम्हाला दरसाल सांगावं लागंल व्हय?" अर्जदाराने पाळ्यांचा तक्ता पाहिला होता, दिवस पाहिला नव्हता. त्याची चूक होती, त्याने तिथेच माफी मागितली. धम्मपाल मात्र त्यानंतरच्या प्रत्येक बैठकीला सर्वांच्या आधी येऊन बसला आहे, हे कृतज्ञतापूर्वक नमूद करतो.

४. त्यानंतर दोनदा आठांपैकी सात जण आले. दोन्ही वेळा न आलेले आठवे मालक म्हणजे श्री. गोकुळ कडुबा पठाडे, पेंट शॉप. हे नाव अर्जदार खुशीने लिहीत नाही.

५. आता खेळ बाजूला ठेवून मुख्य तक्रारीकडे येतो. आपल्या चितेगाव येथील युनिटमध्ये स्टोअरची एक जागा निघाली असून ती कायम दिवसपाळीची आहे. सेवाज्येष्ठतेने ती अर्जदारास मंजूर झाली आहे. एकतीस डिसेंबरपर्यंत तिथे हजर न झाल्यास ती यादीतल्या पुढच्या माणसाला मिळेल. इथून मोकळे होण्यासाठी सर्व खात्यांचे नाहरकत लागते. टूल रूमने दिले, कँटीनने दिले, सोसायटीने दिले. मनोरंजन मंडळाने दिले नाही. मुख्यालय या लीगला "कर्मचारी सहभाग उपक्रम" म्हणून मोजते, आयुक्तपद ही त्यातली जबाबदारी ठरते, आणि जबाबदारी शिल्लक असताना नाहरकत देता येत नाही, असे आपल्या कार्यालयाने कळवले. पद सोडावे म्हटले तर नियम नऊ म्हणतो ड्राफ्टमध्ये सोड. ड्राफ्ट घ्यावा म्हटले तर नियम चार म्हणतो आठही आण. धरले तर चावते, सोडले तर पळते! काल्पनिक संघांच्या काल्पनिक आयुक्ताला खऱ्या गेटवर अडवून ठेवले आहे.

६. ही जागा अर्जदारास का हवी, असे आपण विचाराल. अर्जदाराची पत्नी रूपाली खासगी दवाखान्यात परिचारिका आहे आणि तिच्याही पाळ्या बदलत्या आहेत. ती येते तेव्हा हा निघतो. दोघांची भेट दारात होते, घराची किल्ली देण्याघेण्यापुरती. परवा ती म्हणाली, "आपण नवरा-बायको आहोत का दोन वॉचमन?" तेवढ्यात अर्जदाराची बस आली. मुलगी श्रेया सात वर्षांची आहे. दोघांच्या पाळ्या एकमेकींवर आल्या की ती शेजारच्या लक्ष्मीबाईंकडे असते. लक्ष्मीबाईंचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत देतो : "लेकरू आत येतच नाय बघा. उंबऱ्यावर बसून ऱ्हातं. जेव म्हनलं तर म्हनतं, पप्पा येतील तर मी दिसनार नाय." गेल्या महिन्यात ती तापाने फणफणली तेव्हाही तिथेच बसली होती. अर्जदाराचा मोबाइल नियमाप्रमाणे लॉकरमध्ये होता आणि रूपालीचा वॉर्डात बंद होता. अर्जदार घरी पोचला तेव्हा पोर उंबऱ्यावरच झोपलेली होती. महोदय, अर्जदारास चितेगावची जागा याच कारणासाठी हवी आहे. दुसरे काहीही नको.

७. यादीतला पुढचा माणूस कोण, हे आतापर्यंत आपल्या लक्षात आले असेल. तो गोकुळ पठाडे. तो ड्राफ्टला आला तर अर्जदार सुटतो. तो आला नाही तर एकतीस तारीख उलटते आणि जागा त्याची होते. उपक्रम ऐच्छिक असल्याने त्याच्यावर हजेरीची सक्ती करता येत नाही, आणि त्याला वगळायचे म्हटले तर त्यालाही त्याचीच सही लागते.

८. अर्जदार गेल्या आठवड्यात गोकुळच्या चिकलठाण्याच्या घरी गेला. मनातून तो भांडायलाच गेला होता, हे लपवीत नाही. गोकुळ नुकताच रात्रपाळी करून आला होता आणि बुटासकट पलंगावर बसलेला होता. तो भांडला नाही. म्हणाला, "तुह्याशी खोटं बोलत नाय सोमनाथ. मी येतो ड्राफ्टला. पन मी आलो की तू सुटला, अन् मी मेलो. मग कसं येऊ, तूच सांग." त्याची आई मुक्ताबाई यांची दोन्ही मूत्रपिंडे गेली आहेत. दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांना डायलिसिसला न्यावे लागते, दुसरे माणूस घरात नाही. याच्या पाळ्या फिरतात तशी त्यांची वेळही फिरते. वेळ चुकली की पुढचा नंबर मिळेपर्यंत म्हातारीच्या अंगावर सूज चढते. दिवसपाळी कायम असेल तर संध्याकाळची वेळ कायम करून मिळते, असे त्याला सांगण्यात आले आहे. अर्जदार त्याच्या शेजारी पलंगावर बसला.

९. मुक्ताबाईंनी चहा केला. स्वतः घेतला नाही, त्यांना पाणी मोजून प्यावे लागते. अर्जदार गोकुळचा मित्र आहे, एवढेच त्यांना ठाऊक होते. हॉकी म्हणजे काय, असे त्यांनी विचारले आणि सांगितल्यावर त्या हसल्या, "काठीनं चेंडू हानायचा, अन् तुमी हाना बी ना!" निघताना त्यांनी अर्जदाराचा हात धरला. "सायबाला तूच सांग बाबा. माह्या गोकुळला दिवसाची ड्यूटी द्या म्हनाव. लेकराची झोप व्हत नाय." गोकुळ खाली मान घालून उभा होता. अर्जदार म्हणाला, "सांगतो मावशी." दिलेला शब्द पाळणे भाग आहे, म्हणून त्यांचा निरोप याद्वारे आपल्यापर्यंत पोहोचवीत आहे. कृपया पोच द्यावी.

१०. जागा एक आहे आणि गरजू दोन. दोन जागा करण्याची विनंती अर्जदाराने तोंडी केली होती. त्यावर आपण "मंजूर पदसंख्या पाहून बोला" असे म्हणालात. पदसंख्या पाहिली, ती एकच आहे. पदरी पडले आणि पवित्र झाले असे म्हणून अर्जदार आणखी वर्षभर पाळ्या ओढू शकेल का, याचाही त्याने प्रामाणिकपणे विचार केला. घरी रूपालीला सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले, मुक्ताबाईंना कोणत्या हाताला सुया लावतात ते विचारले, आणि मग कितीतरी वेळ श्रेयाची वेणी घालत राहिली. अर्जदार तिची बोटे पाहत होता.

११. सबब, नियम सातप्रमाणे अर्जदार आयुक्त या नात्याने ड्राफ्टची वेळ व जागा पुढीलप्रमाणे सुचवीत आहे.

येत्या शुक्रवारी, दि. २६ डिसेंबर रोजी देखभालीसाठी प्लँट बंद आहे. सात मालक मोकळे आहेत. आठवे मालक श्री. पठाडे हे दुपारी आईला घेऊन जालना रोडवरील डायलिसिस केंद्रात असतील. आत गेलेल्या रुग्णाला बाहेर येण्यास चार तास लागतात, आणि तोवर नातेवाइकाने जागा सोडू नये असा तिथला दंडक आहे. बाहेरच्या व्हरांड्यात तीन बाक आहेत, आठ माणसे दाटीवाटीने बसू शकतात. अर्जदार काल जाऊन बघून आला. ड्राफ्टला दोन तास पुरतात. आवाज न करता नावे घेण्याचे सातही जणांनी कबूल केले आहे. धम्मपाल यांनी प्रथम नकार दिला होता. अर्जदाराने श्रेयाचे सांगितल्यावर ते येण्यास तयार झाले, पण तेव्हापासून ते अर्जदाराशी बोललेले नाहीत.

नियम चारमध्ये "प्रत्यक्ष हजेरी" असे शब्द आहेत. मालक तिथे स्वखुशीने आला की अडकून बसला, याविषयी नियम काही बोलत नाही. श्री. पठाडे त्या वेळी उठून जाऊ शकणार नाहीत. ते अर्जदाराला चांगले माहीत आहे, म्हणूनच ही वेळ सुचवली आहे.

ड्राफ्ट होताच त्याच व्हरांड्यात अर्जदार आयुक्तपदाचा राजीनामा सादर करील व त्यावर बहुमताच्या सह्या घेईल. ते कागद त्याच दिवशी आपल्या कार्यालयात पोहोचतील. तरी मंडळाचे नाहरकत त्वरित देण्यात यावे, ही विनंती.

अर्जदारास या अर्जाची लाज वाटते, ही बाब नोंदीवर घ्यावी. वेळ मात्र बदलू नये.

आपल्या मंजुरीकडे डोळे लावून बसलेला,

आपला नम्र,
(सही)
सोमनाथ नानासाहेब शेजूळ
प्रेस शॉप, तथा आयुक्त, हॉकी फँटसी लीग
दि. २२ डिसेंबर २०२५

सोबत :
१) लीगच्या नियमावलीची प्रत.
२) सात मालकांचे उपस्थितीबाबत लेखी संमतिपत्र.
३) आठवे मालक श्री. गोकुळ पठाडे यांची संमती : मागितलेली नाही.